जहाज म्हातारं असू दे, केबिन मात्र आपली हवी

ताईंना नमस्कार,

मी डोंबिवलीला राहते. यंदा मे महिन्यात बँकेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी फोर्टात झाली, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये. आता मला कुठे फिरायचं नाही, काही बघायचं नाही. तीन-चार दिवस समुद्राकडे तोंड करून नुसतं पडून राहायचंय. म्हणून मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या क्रूझची चौकशी केली. ‘एम्प्रेस’ नावाचं जहाज आहे. घरात सांगितलं मात्र, मोहोळ उठलं. मुलगा पुण्याहून म्हणतो, ते १९९० सालचं जुनं डबडं आहे, वर्षभर थांब, तुम्हाला सिंगापूरहून मोठ्या जहाजावर पाठवतो. सासूबाई शहाऐंशीच्या, माहेर रेवसकडचं. त्यांनी ‘रामदास’ बोटीची आठवण काढून डोळ्यांना पदर लावला. ह्यांना मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा बोट लागते. आणि मोठ्या नणंदबाईंनी तर परस्पर ठरवूनच टाकलं की त्याही दोघं येणार, चौघांत एकच केबिन घेऊ म्हणजे स्वस्त पडेल, आणि गोव्यात उतरून मंगेशी-शांतादुर्गा करून येऊ. कधी कधी वाटतं, एकटीनंच जावं. असं वाटणं चूक आहे का?

— एक वाचक, डोंबिवली

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, चूक नाही. बाईला एकटीनं कुठे जावंसं वाटलं की घरात काहीतरी बिनसलंय असं आपल्याकडे धरूनच चालतात. तुमच्या पत्रात मला भांडण कुठे दिसलं नाही, थकवा दिसला. पण एकटीचं तिकीट काढण्यापूर्वी एक हिशेब ऐकून ठेवा. क्रूझचं भाडं केबिनमागे दोन माणसं धरून लावलेलं असतं. एकटं माणूस गेलं तर बहुतेक वेळा दोघांच्या भाड्याच्या आसपासच रक्कम मोजावी लागते. मग त्याच पैशात नवऱ्याला न्यावं आणि तिथे त्यांना त्यांच्या उद्योगाला लावून द्यावं, हे मला जास्त पटतं.

आता चिरंजीव. जहाज १९९० सालचं आहे ही माहिती बरोबर. ‘डबडं’ ही त्यांनी घातलेली भर. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं, तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि मायामीहून बहामा बेटांना तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मारणं हेच त्याचं काम होतं. पुढे नावं बदलली, काही वर्षं ते स्पेनच्या कंपनीकडे गेलं, परत आलं, क्यूबालाही जाऊन आलं. रॉयल कॅरिबियन कंपनीनं डिसेंबर २०२० मध्ये ते विकलं आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या भारतीय कंपनीनं ते मुंबईहून सुरू केलं. तेव्हा कुठलं तरी लांब पल्ल्याचं जहाज थकलं म्हणून इकडे आणून सोडलंय, असं काही नाही. छोट्या सफरी हा त्याचा जन्मापासूनचा धंदा आहे.

आकारही बघा. लांबी २११ मीटर, म्हणजे ज्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये तुम्ही नोकरी काढलीत तिच्यापेक्षा आखूडच. मुलाच्या डोळ्यांसमोर जी जहाजं आहेत त्यातलं २०२४ साली आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे आणि भरलं की त्यावर सात हजारांहून अधिक प्रवासी असतात. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, बर्फावर स्केटिंग आहे, सगळं आहे. नातवंडं असतील तर जरूर जा. पण त्या जहाजांवर ‘आज काय करायचं’ याची यादी सकाळीच हातात पडते आणि पैसे भरलेत म्हणून माणूस ती पुरी करत धावतं. छोट्या जहाजावर करण्यासारखं कमी असतं. तुम्हाला हवंय तेच. केबिन, डेक, जेवणघर, सगळं हाताशी. दुसऱ्या दिवशी वाट विचारावी लागत नाही.

वयाबद्दल अजून एक सांगते, मुलाला ऐकवा. त्याच १९९० सालचं दुसरं एक जहाज, ‘कर्णिका’ नावानं, २०१९ साली मुंबईत आलं होतं. कोविडमध्ये त्याची कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला तोडायला गेलं. म्हणजे एकाच वर्षी जन्मलेली दोन जहाजं, एक भंगारात आणि एक मुंबई बंदरात बॅलार्ड पिअरवर उभं. जन्मसालावरून जहाजाबद्दल फार काही कळत नाही ते असं.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांच्या माहेरच्या बाजूला त्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या घरचं माणूस गेलं होतं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. हे विसरण्यासारखं नाही. पण दोन गोष्टी त्यांच्याजवळ बसून शांतपणे सांगता येतील. ती बोट १९३६ सालची, म्हणजे बुडाली तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. आणि तो समुद्र आषाढातला होता. आपल्या किनाऱ्यावरून क्रूझ पावसाळ्यात निघत नाहीत. इटलीच्या किनाऱ्यावर खडकाला आपटून २०१२ च्या जानेवारीत आडवं झालेलं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ तर २००६ पासूनचं, तेव्हाचं नवं झगमगीत जहाज होतं. बत्तीस माणसं गेली. जहाजावरचे शेकडो प्रवासी त्याच दिवशी चढले होते आणि संकटात कुठे जमायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

त्यानंतर नियम कडक झाले. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, घ्यावीच लागते. नेमकी हीच गोष्ट आपले लोक टाळतात. घोषणा होते आणि निम्मी मंडळी बुफेच्या रांगेत भजी मोजत उभी असतात. तुम्ही जा. तुमचं जमण्याचं ठिकाण कोणतं, केबिनपासून तिथे जायला कोणता जिना, लाइफ जॅकेट कुठे आहे, एवढं बघून ठेवा आणि सासूबाईंना फोन करून सांगा की बघितलं. प्रवासी जहाजाला सुरक्षेचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं मिळतं, दरवर्षी तपासणी करून ते नवं घ्यावं लागतं; जहाज पस्तीस वर्षांचं असो की पाच. हेही त्यांना सांगा. तरी त्या काळजी करणारच. करू द्या.

आता खरी अडचण, म्हणजे तुमच्या ह्यांचं पोट. मांडव्याची लाँच ही परीक्षा धरू नका. ती हलकी असते, प्रत्येक लाटेवर उचलली जाते, आणि आत इंजिनाचा धूर. आपल्या आधीच्या पिढीची बोट म्हणजे ‘कोकण सेवक’ नाहीतर ‘कोकण शक्ती’. हर्णै, दाभोळ, जयगड करत जाणारी, डेकवर सतरंजी टाकून झोपायचं आणि शेजारचा ओकला की आपल्यालाही उमळून यायचं. ‘बोट लागणं’ हे तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय. ‘एम्प्रेस’सारख्या जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात, त्यांनी आडवं डोलणं बरंच कमी होतं. पुढे-मागे होणारी उचल मात्र त्यांनी थांबत नाही. अवाढव्य जहाजांपेक्षा हे जहाज थोडं जास्त हलणार, हे मी लपवणार नाही. म्हणून केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा. तिथे हालचाल सगळ्यात कमी असते, आणि ती स्वस्तही पडते. वरच्या मजल्यावरची, पार पुढच्या टोकाची केबिन ज्याला बोट लागते त्यानं घेऊ नये, कितीही ऐटीची असली तरी.

औषध निघण्यापूर्वी घ्यायचं असतं, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पण ॲव्होमिनसारख्या गोळ्या साठीनंतर स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. त्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर त्या बाधू शकतात. तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आलेपाकाच्या वड्या बरोबर घ्या, त्यांना कुणाची चिठ्ठी लागत नाही. उपाशीपोटी राहू देऊ नका. पोट रिकामं ठेवलं की बरं वाटेल हा गैरसमज आहे. मळमळलंच तर केबिनमध्ये डोळे मिटून पडण्यापेक्षा डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघायचं. आणि तारीख शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, थोड्या लाटा उठतात, पण मे महिन्यातली पावसाळ्याआधीची फुगलेली लाट नसते.

नणंदबाईंच्या चौघांत एक केबिनबद्दल मी सरळ सांगते: अजिबात नाही. अशा जुन्या जहाजाची आतली केबिन साधारण दहा बाय बाराची, कधी त्याहून लहान. खाली दोन पलंग, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचे बर्थ, ज्यांवर शिडीनं चढायचं. साठीच्या पुढची चार माणसं. रात्री दोनदा उठणारं कोण आहे? पहाटे पाचला उठून स्तोत्र म्हणणारं? घोरणारं? आणि बाथरूम एक, तेही एवढंसं की अंघोळ करताना पडदा अंगाला चिकटतो. त्या वरच्या बर्थचं भाडं कमी असतं हे खरं आहे, पण ते लेकरांसाठी आणि कॉलेजच्या पोरांसाठी. तुम्ही विश्रांतीसाठी पैसे मोजताय आणि वाचवायला निघालायत ती विश्रांतीच.

नणंदबाईंना येऊ नका म्हणणं तुम्हाला जमणार नाही, आणि तसं म्हणण्याची गरजही नाही. एवढंच म्हणा: “वन्सं, केबिन आपापली, रात्रीचं जेवण एकत्र.” कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो आणि तुम्ही परत त्याच केबिनमध्ये. फार ताणलं तर ह्यांच्या तब्येतीवर ढकला. बहीण आहे, भावाच्या पोटापुढे बोलणार नाही. आणि केबिन शेजारशेजारच्या घेऊ नका. वेगळ्या मजल्यावरच्या घ्या.

केबिन निवडताना आणखी एक करा, एजंटकडून जहाजाचा डेक प्लॅन मागून घ्या. तुमच्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर रात्री डीजे तुमच्या उशाशी, आणि सकाळी खुर्च्या सरकवण्याचा खरखराट. लिफ्टला चिकटूनची केबिनही नको. जुन्या जहाजांवर आवाज भिंतीतून जरा जास्तच येतो, आणि मागच्या टोकाला इंजिनाची थरथर जाणवते. खिडकीची केबिन परवडत असेल तर घ्या. सकाळी उठल्यावर पाणी दिसायला हवं, तुम्हाला त्यासाठीच तर जायचंय. बाल्कनीच्या केबिन या जहाजावर मोजक्या आहेत आणि त्यांची किंमत मला त्यांच्या मानानं जास्त वाटते. तेवढा समुद्र डेकवर फुकट मिळतो.

वार बघून जा. शुक्रवारी सुटणाऱ्या फेरीला ऑफिसांचे ग्रुप आणि लग्नाआधीच्या पार्ट्या करणारी मुलं हमखास असतात. सोमवार-मंगळवारची फेरी मिळाली तर सोनं. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर आणि शाळांच्या सुट्ट्या सोडून द्या. निवृत्त झाल्याचा हा फायदा तरी घ्यायलाच हवा.

आता गोव्याचा दिवस. इथे तुम्हाला चार दिवसांतली सगळ्यात चांगली वेळ मिळणार आहे, ती घालवू नका. जहाज पणजीला लागत नाही, मुरगाव बंदरात लागतं. तिथून मंगेशी आणि शांतादुर्गा म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, वाटेत गर्दी, देवळात रांग, ओटी, प्रसाद, आणि सगळा वेळ घड्याळाकडे डोळे, कारण स्वतःच्या गाडीनं गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही. नणंदबाईंना जायचंय, जाऊ द्या. ह्यांनाही पाठवा. त्यांना तीन दिवस नुसतं बसवणार नाही असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं, आणि बहीण-भावानं कुलदैवताला जाऊन येणं चांगलंच. तुमच्या नावानंही ओटी भरायला सांगा. गाडी आधी ठरवा, परतीच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरावर पोचायचं असं ह्यांना बजावा. तुम्ही मात्र उतरू नका.

कारण बंदराला लागल्यावर जहाज रिकामं होतं. आदल्या दिवशी ज्या खुर्च्यांवर सकाळी सातपासून टॉवेल टाकून जागा धरलेल्या असतात, त्या सगळ्या मोकळ्या. पूलमध्ये दोन-चार माणसं. जेवणघरात खिडकीजवळचं टेबल आणि वाढणारा निवांत. डीजे बंद. चार-पाच तास कोणी हाक मारणार नाही, कोणी ‘तुला काय हवं’ विचारणार नाही. मी सांगते ना, या एका दुपारसाठी अख्खं तिकीट वसूल आहे. नणंदबाई म्हणतील, एवढ्या लांब येऊन गोवा बघितला नाहीस? म्हणा, पुढच्या वेळी.

सुटण्याच्या वेळी मात्र डेकवर असा. बॅलार्ड पिअरहून जहाज दक्षिणेकडे वळलं की शहर उजव्या हाताला राहतं: गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि त्यापुढे समुद्रात उभा प्रॉंग्जचा दीपस्तंभ. डावीकडे लांबवर खांदेरी. फोर्टात जन्म काढलात, पण तो फोर्ट पाण्यावरून कधी बघितला नसेल. एलिफंटाची लाँच धरत नाही मी. पुढे कोकणचा किनारा दिसेल अशी आशा ठेवू नका, जहाज बरंच बाहेरून जातं. थोड्याच वेळात मोबाइलची रेंजही जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊन भलतंच बिल येतं. वायफायचं पॅकेज घेऊ नका. मुलाला आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही. ‘लागला नाही’ आणि ‘लागणार नाही’ यात त्याच्या जिवाला फरक पडेल.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे बक्षिसी, बहुधा वेगळी असते. दारू, काही उपाहारगृहं आणि गोव्यातली सहलही वेगळी. एजंटला एकच प्रश्न विचारा: “दोघांचे सगळं धरून किती?” आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. बँकेत जन्म काढलेल्या बाईला मी अधिक काय सांगणार. साधं शाकाहारी, जैन, दोन्ही जेवण मिळतं, त्यामुळे दशम्या-चटणीची पिशवी नको. बाहेरचं खाणं बहुतेक आत नेऊ देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री तर दारातच काढून घेतात, आग लागण्याची भीती असते. चहाचं काय, हे तुम्ही विचारणार. बुफेवर मिळतो, पण डिपचा. मी जिथे जाते तिथे प्रिमिक्सच्या पुड्या नेते आणि गरम पाणी मागून घेते.

मोठी बॅग बंदरावरच ताब्यात घेतात आणि ती केबिनमध्ये यायला काही तास लागतात. म्हणून गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे खांद्याच्या पिशवीत. रविवारी सुटणारी फेरी असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून निघा. सीएसएमटीहून बंदराच्या ग्रीन गेटपर्यंत टॅक्सीनं जा, बॅगा ओढत चालू नका.

बुकिंग स्वतः करा. मुलाच्या हाती दिलंत तर तो वर्षभर थांबवेल. आणि तिकिटावर नाव घालताना आधार कार्डावर जसं आहे अगदी तसंच घाला. आपल्या वयाच्या कितीतरी जणींचं नोकरीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पॅनवर तिसरंच काहीतरी असतं. तुमचं तसं असेल तर या आठवड्यातच कार्डं काढून एकदा समोरासमोर ठेवून बघा, दुरुस्ती करायची तर तिला वेळ लागतो.